धामणगावच्या बायांनी मारवा घरात घेतला

धामणगाव बढ्यात रुक्मिणीबाईचा गळा ही गावाची मालमत्ता होती. शुक्रवारी संध्याकाळी बसमधून उतरलेल्या पाहुण्याला मारुतीचं देऊळ कुठं आहे हे विचारावं लागायचं नाही. आवाजाच्या रोखानं चालत सुटायचं, देऊळ समोर यायचं. बाई मूळची देऊळगाव राजाकडची. कडूबाशी लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिच्या बोलण्यात मराठवाड्याची झाक होती आणि नणंदा तिच्या बोलण्याची नक्कल करून खिदळायच्या. पहिल्याच वर्षी एका डोहाळजेवणात तिनं तोंड उघडून गाणं म्हटलं. नणंदांचं खिदळणं तिथंच बंद झालं.

गावात भजनी मंडळ होतं ते पुरुषांचं. पखवाज त्यांचा, पेटी त्यांची, सभामंडप त्यांचा. बायांनी घरी दळताना, शेतात निंदताना काय म्हणायचं ते म्हणावं. रुक्मिणीबाईनं ग्रामसभेत उभं राहून विचारलं, "मारुती ब्रह्मचारी हाये म्हणून बायायले बंदी हाये, का तुम्हाले भीती वाटते आमच्या आवाजाची?" सभा हसली, सरपंच हसले, आणि हसताहसता एक वार देऊन बसले. तो शुक्रवार. त्या एका वारावर तिनं मंडळ उभं केलं. चांगुणा, अंबूबाई, सोजराबाई, अशा वीसेक जणी. कोणाचा सूर वर, कोणाचा खाली, कोणाचा शेजारच्या गावात. सगळ्यांना तिनं एका पट्टीत आणलं, आणि ते काही गोड बोलून नाही.

तिचा एक नियम फार कडक होता. पुढं गाणारी एक असते, बाकीच्या मागं ओळ धरतात. पुढची कधी अडखळते, शब्द विसरते, दम तुटतो. तशा वेळी मागच्या बायांनी क्षणाचा उशीर न करता ओळ उचलायची. एकदा अंबूबाई मधेच विसरली आणि मागच्या नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत बसल्या, तेव्हा रुक्मिणीबाईनं भजन थांबवून सगळ्यांची भर देवळात हजेरी घेतली. "आपल्यातली बाई चौघात अडकली अन् तुम्ही पाह्यत बसता? लाज वाटू द्या. पुढचीले एकटं पाडायचं नाही, मरण आलं तरी." त्या दिवसापासून मंडळात कोणी एकटं पडलं नाही.

मग तिच्या गळ्यालाच गाठ आली. थायरॉईडची. बुलढाण्याला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला. आवाजाची नस तिथूनच जाते आणि फार नाजूक असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. टाके निघाले, सूज उतरली आणि आवाज आला तो फाटक्या ढोलकीसारखा. डॉक्टर म्हणाले, "बोलता येईल बाई. गाण्याचं मात्र सांगता येत नाही." डॉक्टर असं म्हणतात तेव्हा त्यांना ते सांगता येत असतं. रुक्मिणीबाई अडाणी नव्हती, तिला कळलं.

कडूबा गडी साधा. बायकोला हसवावं म्हणून तो म्हणाला, "चला, आता घरात मले बी बोलायले चान्स भेटन." ती हसली नाही. तो बिचारा दिवसभर गोठ्यातून घरात आला नाही.

चांगुणा भेटायला आली. मंडळात पुढं गायचं काम आता तिच्यावर आलं होतं आणि तिला ते जड जात होतं. "ये ना वो अक्का, नुसती येऊन बस. तू समोर असली का धीर येते."

"बसून काय करू? चपला सांभाळू तुमच्या?"

खरंच होतं ते. मंडळात पुढं गाणारीला जागा होती, मागं म्हणणारीला होती, टाळवालीला होती. नुसतं ऐकणारीला मंडळात जागाच नव्हती. ऐकणारे म्हणजे बाहेर ओट्यावर बसून तंबाखू मळणारे म्हातारे. गाणं जर गळ्यातच असतं आणि गळाच गेला, तर आता आपला आणि गाण्याचा संबंध काय उरला? हा प्रश्न घेऊन रुक्मिणीबाई महिनाभरासाठी बुलढाण्याला लेकीकडं राहायला गेली. तपासणीला सारखं जावं लागत होतं आणि आवाजाचे व्यायाम शिकवत होते.

लेक अश्विनी भाड्यानं राहायची ते घर स्नेहलताताईंचं. ताई मेहकरच्या शाळेत संगीत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर बुलढाण्याला आल्या. खाली त्या एकट्या, वर अश्विनीचं बिऱ्हाड. रोज दिवस कलायला लागला की खालून गाणं सुरू व्हायचं. मुलानं आणून दिलेल्या स्पीकरवर ताई जुनी रेकॉर्डिंगं लावून डोळे मिटून बसायच्या. रुक्मिणीबाई वर गळ्याला फडकं गुंडाळून ऐकत राहायची, कारण दुसरा इलाज नव्हता. एक ओळ. तीच ओळ. पुन्हा तीच ओळ. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्यांना गळा आहे त्यांनी तो असा एका ओळीवर नासावा?

एका संध्याकाळी ती जिना उतरून थेट दारात उभी राहिली.

"काऊन वो ताई, ही बाई एकच ओळ किती खेप म्हणते? पुढचं इसरली काय?"

अश्विनी मागून धावत आली. "अवो आई! ताई, माफ करा, तिची तब्येत..."

ताईंनी हातानंच अश्विनीला थांबवलं. "विसरली नाही, तिला पुढचं येतं. घाई नाही तिला. बसा."

"मले काम हाये."

"कसलं काम?"

काम काहीच नव्हतं. सगळं दुखणं तेच तर होतं. रुक्मिणीबाई बसली.

शास्त्रीय संगीताला कान तयार लागतो, असं मोठे लोक सांगतात. बरोबर आहे. पण कान काही आठवडी बाजारात टोपल्यात मांडलेला नसतो. कोणीतरी समोर बसवून तो तयार करावा लागतो. ज्यांचे तयार झालेले असतात ते बहुतेक सगळे दार लावून आत ऐकत बसतात आणि बाहेरच्याला म्हणतात, तुला नाही समजायचं. स्नेहलताताईंनी दार उघडं ठेवलं. हे लहान काम नाही, आणि ज्याचं त्याला श्रेय दिलंच पाहिजे.

त्यांची शिकवायची रीत मात्र कडक होती. रागाचं नाव नाही, थाट नाही, व्याख्या नाही. ऐकायला लावायच्या आणि विचारायच्या, काय ऐकलं?

"हे गाणं रडते," पहिल्या दिवशी रुक्मिणीबाई म्हणाली.

"कुठं रडतं?"

"कुठं म्हंजे? सगळंच रडते."

"सगळं गाणं कधी रडत नसतं. मी पुन्हा लावते. जिथं रडेल तिथं बोट वर करा."

पुन्हा लावलं. रुक्मिणीबाई बोट मांडीवर ठेवून टपून बसली, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तशी. आणि एका जागी बोट वर गेलं.

"हितं."

ताईंनी तिथंच थांबवलं. "शाबास. काय झालं तिथं? तुम्ही पेटीवर जी पट्टी धरून गाता ना, तो सा. तो झाला सुराचं घर. भजनात तुम्ही फिरूनफिरून त्याच घरी येता. ही बाई त्या घरापाशी आली आणि त्याला न शिवता बाजूनं निघून गेली. मारवा आहे हा. मारवा असाच. सांजवेळेचा राग. घराभोवती फिरतो, आत जायला मागत नाही."

"दारापासून वापस गेली?"

"हं."

"मंग भांडून निंघाली आसन."

तेव्हा ताई पहिल्यांदा हसल्या. "असेल. नाहीतर घरात जिच्यासाठी जायचं ती व्यक्ती राहिली नसेल. नाहीतर आणखी काही. अर्थ तुमचा, त्यात मी बोलणार नाही. पण पुरावा गाण्यातला पाहिजे. कुठं ऐकलं ते दाखवायचं."

ही अट रुक्मिणीबाईला आवडली. ग्रामसभेत बोलायची सवय असलेल्या बाईला पुरावा मागणारं माणूस आवडतंच. पण एकदा तिनं उगाच, ताईंना बरं वाटावं म्हणून, मान डोलावून म्हटलं, "देवाची आठवण आली वो ऐकून."

"कुठं आली?"

"आली."

"खोटं बोलू नका रुक्मिणीबाई. देवाचं नाव घेतलं की मी सोडून देईन असं वाटलं का?"

रुक्मिणीबाई पदर खोचून उठली. देवावरून तिला आजवर कोणी बोललं नव्हतं. "तुमचं गाणं तुम्हालेच लखलाभ," असं म्हणून ती वर गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी खाली उतरलीच नाही. वरूनच ऐकत बसली. ऐकताऐकता तिच्या लक्षात आलं की आपलं बोट आपोआप वर जातंय. मग राग कोणावर धरायचा? तिसऱ्या संध्याकाळी ती निमूट खाली येऊन चटईवर बसली. ताईंनी स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.

महिना संपला, ती गावी परतली. पण दर गुरुवारी सकाळची बस धरून मोताळ्यावरून बुलढाण्याला यायला लागली. गावात चर्चा झालीच. "गळा गेला अन् बुडी आता गाणं शिकून राह्यली." तिच्या कानावर ते आलं. ती शिकत नव्हती, ऐकत होती. पण हा फरक पारावरच्या रिकामटेकड्यांना समजावत बसायला तिला वेळ नव्हता. कडूबानं मात्र एकदा बस चुकली तेव्हा न बोलता मोटरसायकल काढली आणि तिला मोताळ्यापर्यंत सोडून आला. वाटेत एवढंच म्हणाला, "काय ऐकतं तू तिथं?" ती म्हणाली, "सांगता नाही येत. पण घरी आल्यावर तुमच्यावर वरडावं वाटत नाही." "मंग जात जाय," कडूबा म्हणाला, "रोज जाय."

वर्ष गेलं. आता तिच्या मनात दुसरं घोळायला लागलं. एकटीनं खाल्लेला घास तिला कधी गोड लागला नव्हता. ताईंची एक विद्यार्थिनी होती, अर्पिता. अकोल्याला कॉलेजात शिकवायची, चांगली गायची. ताई म्हणाल्या, "तुमच्या देवळात गाशील का म्हणून विचारून बघते, येईल ती." रुक्मिणीबाईनं ते मनावर घेतलं आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा शुक्रवारी देवळाची पायरी चढली.

"ते आऽऽ आऽऽ वालं गाणं?" अंबूबाईनं विचारलं.

"हाव, तेच."

"लोकं उठून जातीन वो अक्का."

"ज्याले जायचं त्यानं जावं. तुम्ही बसा."

चांगुणानं खरा प्रश्न विचारला. "अन् आमच्यानं नाही समजलं तं?"

रुक्मिणीबाई फाटक्या आवाजात म्हणाली, "माया शब्द हाये. ऐकण्यात बी गाण्याएवढंच हाये, हे मी तुम्हाले दाखवतो. नाही दाखवता आलं, तं पुन्हा या मंडळाचं नाव तोंडातून काढणार नाही." बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावलं. पण बोललेला शब्द गिळायची तिला सवय नव्हती.

पुढचे सगळे शुक्रवार तिनं बायांना तयार केलं. चांगुणाच्या मोबाईलवर लावून दाखवलं. घर कुठं, वळण कुठं, सगळं ताईंसारखं बोट वर करून. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ती राहणारच होती. घरात कोणी पडलं तर धावायचं नाही, असं कोणी कोणाला आधीपासून सांगून ठेवतं का?

पौषातला रविवार होता. कापसाची वेचणी उरकत आली होती, त्यामुळं बायांना सवड होती. सभामंडपात सतरंज्या, पुढं मंडळाच्या वीसेक बाया ठेवणीतली लुगडी नेसून, मागं गाव. स्नेहलताताई गुडघ्यामुळं बाजूला खुर्चीवर. दिवस मावळतीला टेकला होता. अर्पितानं सोबत आणलेल्या तबलेवाल्याला शेजारी बसवून तानपुरा लावला आणि मारवा धरला.

ओळ साधी होती. "दीप धरूँ मैं कौन डगर." दिवा कोणत्या वाटेवर ठेवू? हिंदी आपल्याकडं कोणाला कळत नाही? सगळ्यांना कळली. रुक्मिणीबाईनं तिरप्या नजरेनं आपल्या बाया पाहिल्या. बसल्या होत्या, ऐकत होत्या. मागची चार पोरं उठून गेली, जाऊ द्या. सोजराबाईचं बोट तर मांडीवरून एकदा उठलंसुद्धा. रुक्मिणीबाईचा जीव भांड्यात पडला.

अर्पिता त्याच ओळीवर पुन्हा आली. पुन्हा आली. दरवेळी वेगळ्या वळणानं, पण ओळ तीच. आता तिनं डोळे मिटले होते आणि कपाळाला बारीक आठी होती, गाणाऱ्याची असते तशी. अंबूबाईला ती आठी दिसली. ती चांगुणाच्या कानाला लागली, "पोट्टी अडकली वाटते वो. घाम फुटला पाह्य तिले."

चांगुणा आता मंडळाची पुढची बाई होती. जबाबदारी तिची. पाहुणी पोर, परगावची, भर सभेत अडकली होती आणि मंडळानं पाहत बसायचं? अर्पिता श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात चांगुणानं टाळी दिली आणि ओळ उचलली. वीस बायांनी एका दमात ती धरली. "दीप धरूँ मैं कौन डगर!" खणखणीत. आणि भजनात आणतात तशी ती ओळ थेट खाली आणून, सा वर ठाम बसवली. वाट चुकलेल्या बाईला हाताला धरून घरात आणावं, पाट मांडावा, पाण्याचा तांब्या पुढं करावा, तसं.

तबला थांबला. अर्पितानं डोळे उघडले.

"कृपया," ती माईकवर म्हणाली, "मध्ये गाऊ नका. राग बिघडतो."

पोरीची चूक नव्हती. ती जिथं शिकली तिथं असं झालं असतं तर तो अपमानच. पण इकडं वीस बायांची तोंडं पडली. चांगुणाचं तोंड लाल झालं. "आम्ही काय गोंधळ घालायले आलो इथं?" तिनं पदर झटकला. "चला गं. आपल्याले बोलावून आपल्यालेच गप बसवतात. मोठ्या लोकायचं गाणं मोठ्यायलेच राहू द्या." अंबूबाई उठली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

रुक्मिणीबाईनं स्नेहलताताईंकडं पाहिलं. ताई खुर्चीत सरळ बसल्या होत्या आणि तिच्याकडंच बघत होत्या. उठत नव्हत्या.

मग ती उठली. ज्या सभामंडपात तिच्या आवाजानं कंदील थरथरायचे, तिथं तो घोगरा, फाटका आवाज घेऊन माईकपुढं जायचं होतं. ऑपरेशन झाल्यापासून ती अख्ख्या गावापुढं बोलली नव्हती. माईक हातात घेतला आणि पहिला शब्द फुटलाच नाही, नुसती खरखर आली. कोणी हसलं नाही. गाव इतकं वाईट नाही.

"पोरी," ती अर्पिताला म्हणाली, "रागावू नको माय. गोंधळ नव्हता तो. आमच्यात पुढं गाणारी अडकली का मागच्या तिले एकटं पाडत नाहीत. मीच शिकवलं हाये यायले. तू अडकली असं वाटलं, म्हणून धावल्या. तुया मान ठेवला त्यायनं."

अर्पिताच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली. "मला वाचवत होतात?" तिनं बायांना विचारलं.

"मंग काय तं!" अंबूबाई उभ्या उभ्याच म्हणाली. "घामाघूम झालती ना बाई तू."

आता रुक्मिणीबाई बायांकडं वळली. "अन् तुम्ही. चांगुणे, खाली बस. बस म्हणतो ना! ती अडकली नव्हती. पोरी, एक काम कर. तुयी ओळ तू म्हण. मंग यायनं म्हणली तशी म्हण."

अर्पितानं आधी आपली म्हटली. ओळ घरापाशी आली, वळली आणि अधांतरी राहिली. मग तिनं बायांची म्हटली, अगदी त्यांच्याच ढंगात, आणि सा वर येऊन बसली. फरक म्हशीलाही कळला असता. सभामंडपात नुसतं "हंऽऽ" झालं.

"ऐकलं? तुम्ही तिले घरात घेतलं. दया आली तुम्हाले. पण तिच्या हातात दिवा हाये अन् दिवा कोणत्या वाटेवर ठेवावा हे तिले समजून नाही राह्यलं. ज्याची वाट पाह्यते तो कुठून येईन, माहीत नाही. घरात बसली का वाट पाहणं संपलं. मंग गाणं कायचं?"

अंबूबाई पुन्हा खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. "म्हंजे सारा येळ अशीच उभी ठेवणार का तिले, दिवा घेऊन?"

"हाव."

"निर्दयी हाये बाप्पा तुमचं गाणं!"

पहिली अर्पिता हसली, मग तबलेवाला, मग सगळा मंडप. चांगुणा हसली नाही, पण बसली. आणि बसल्यावर तिनंच म्हटलं, "म्हण बाई पुढं. आता नाही घेत घरात. पाह्यतो किती येळ उभी राह्यते ते."

त्यानंतर जे ऐकणं झालं ते धामणगावात आधी कधी झालं नव्हतं. ओळ घराजवळ आली की वीस बाया श्वास रोखायच्या, वळून गेली की कोणाच्या तोंडून "अरेरे" निघायचं. सोजराबाईनं एकदा स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला, ओळ बाहेर पडेल म्हणून. अर्पिता आता डोळे मिटून गात नव्हती, समोर बघून गात होती. बाहेर पुरता अंधार पडला तेव्हा तिनं शेवटी ती ओळ सावकाश, फार सावकाश आणून सा वर ठेवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या मंडपानं एकदम श्वास सोडला, एवढंच. अंबूबाई डोळे पुसत म्हणाली, "आली बाई एकदाची."

पाहुणे चहाला थांबले, तेव्हा रुक्मिणीबाईनं स्नेहलताताईंना कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही काऊन नाही उठल्या? मले तं वाटलं माया जीव जाते."

"मी उठले असते तर त्या निघून गेल्या असत्या. मी काय बोलले असते? मारव्यात षड्ज कसा वर्ज्यासारखा ठेवतात, वगैरे. त्यांना तुमच्याकडून ऐकायचं होतं."

रुक्मिणीबाई पाया पडायला वाकली. ताईंनी तिला मधेच धरलं. "गुडघा दुखतो माझा, तुम्ही वाकलात की मलाही वाकावं लागतं." मग दोघी तशाच दंडाला धरून उभ्या राहिल्या. रुक्मिणीबाई म्हणाली, "ताई, तुम्ही दार लावून घेतलं असतं त्या दिवशी, तं मी आज कुठं राह्यली असती?" ताईंनी तिच्या दंडावर हात तेवढा घट्ट केला.

पुढच्या शुक्रवारी चांगुणा घरी आली. ओट्यावर उभी राहून तिनं निरोप दिला, भांडायला आल्यासारखा. "अक्का, देवळात ये. मंडळानं ठरवलं हाये. तू मधोमध बसायचं, आमच्या समोर. आम्ही म्हणतो, तू ऐकायचं, अन् कुठं काय ऐकू आलं ते सांगायचं. त्या पोट्टीचं ऐकतं तसं आमचं बी ऐक ना वो. आमच्या भजनात काही नाही काय?"

रुक्मिणीबाई गेली. सतरंजीच्या मधोमध बसली, हातात टाळ नाही, पुढं पेटी नाही. आयुष्यभर जे भजन तिनं स्वतः पुढं उभं राहून म्हटलं होतं तेच चांगुणानं धरलं. वीस बायांनी मागून उचललं, घरी आणलं, बसवलं. रुक्मिणीबाईनं ते आजवर फक्त आतून ऐकलं होतं, स्वतःच्या छातीच्या आतून. समोरून ते कसं येतं हे तिला माहीतच नव्हतं. इतक्या जणी मिळून एका सुराला घरी आणतात तेव्हा किती आधार वाटतो, हे तिला आज कळलं. तिचं बोट वर गेलं.

चांगुणा थबकली. "काय चुकलं?"

"काही नाही चुकलं," रुक्मिणीबाई म्हणाली. "पुन्हा म्हणा. मले ऐकायचं हाये."